राजाची आत्या कुठं कुठं बसली

फार जुन्या काळची गोष्ट आहे. समुद्र तेव्हाही खारटच होता, माणसं मात्र अजून इतकी खारट झाली नव्हती. त्या समुद्राच्या काठी एक नगर होतं आणि नगराला एक राजा होता. राजा तसा बरा होता. वाईट एवढंच, की बंदरात परदेशी गलबत लागलं की हा कामधाम टाकून तिकडं धावायचा. खलाशी सांगतील ते सगळं खरं. पोरांनो, तुम्ही हसा खुशाल. मोठ्यांनी हसू नये, त्यांनी याहून मोठ्या थापा गिळलेल्या असतात.

नगराच्या मधोमध, भर बाजारात, नांदरुकाचं जुनं झाड होतं. बुंध्याभोवती दगडी पार. डोक्यावर ओझं असो, पोटात भूक असो, नाहीतर घरात भांडण असो, जो तो त्या पारावर येऊन टेकायचा. पाराची रीत एकच. कुणी दमूनभागून आला, की आधी बसलेल्यांनी जरा सरकायचं आणि म्हणायचं, "बसा की." मग जेवलात का, कुठले, काय. माणूस चोर आहे की साव, ही चौकशी सगळ्यात शेवटी.

त्या पारावर रोज एक म्हातारी येऊन बसायची. ती राजाची सख्खी आत्या. आईवेगळ्या राजाला लहानपणी तिनंच वाढवलं होतं, आणि त्याचा कान पिळायची तिची सवय अजून सुटली नव्हती. राजवाड्यात तिला काही कमी नव्हतं. चांदीच्या कड्यांचा झोपाळा होता, वारा घालायला दासी होत्या. फक्त बोलायला कुणी नव्हतं. दासी म्हणायच्या 'जी', सुना म्हणायच्या 'हो', आणि भिंती तर तेवढंही म्हणायच्या नाहीत. पारावर मात्र कोळीण तिच्याशी भांडायची, तेली तिला चिडवायचा, आणि मग कुठं आत्याला भाकरी पचायची.

एक दिवस राजानं दवंडी पिटवली. समुद्रापलीकडच्या नगरांत आभाळाला टेकणारे मनोरे असतात. आपल्याही बाजारात तसा मनोरा उभा राहील. त्यासाठी नांदरुक तोडला जाईल आणि पार उखडला जाईल.

बाजार कुरकुरला, पण उंदरासारखा, कोपऱ्यात बसून. आत्याला कोपरा माहीतच नव्हता. ती तडक दरबारात गेली.

"अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

प्रधान खोकला. हा प्रधान म्हणजे मोठा विद्वान. राजा 'पाऊस' म्हणाला, की हा रणरणत्या उन्हात छत्री उघडायचा.

"आत्या," राजा म्हणाला, "तू जग पाहिलेलं नाहीस. विहिरीतल्या बेडकाला समुद्र काय कळणार?"

"आणि तू रे? तू कुठली बंदरं पालथी घालून आलास? गलबतावर नुसता पाय ठेवलास तरी ओकतोस."

दरबारात कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदमच मिशा पुसायची गरज भासली.

राजा चिडला. "ठीक आहे. मग तूच जा. प्रधानजी सोबत येतील. तिकडची नगरं बघ आणि परत येऊन भर बाजारात खरं काय ते सांग. ती नगरं आपल्यापेक्षा सरस निघाली, तर झाडावर पहिली कुऱ्हाड तू घालायची, आणि उरलेला जन्म राजवाड्यात गप्प बसून काढायचा."

"आणि नाही निघाली तर?"

"तर झाड राहील."

"खरंच सांगायचं ना? मग झालं तर," म्हणून आत्यानं कमरेला फुटाण्यांची पुरचुंडी खोचली आणि निघाली. बंदरावर तिला पोचवायला सगळा बाजार लोटला. कोळीण म्हणाली, "आत्याबाई, परक्या मुलखात तोंड सांभाळा." आत्या म्हणाली, "तोंड माझं ठणठणीत आहे गं. गुडघे सांभाळायचेत."

पहिलं नगर लागलं ते मनोऱ्यांचं. मनोरे असे, की वरच्या मजल्यावर पाऊस आधी पडावा आणि खाली त्याची बातमी यावी. प्रधानानं वर पाहिलं, त्याचं पागोटं पडलं. उचलून पुन्हा वर पाहिलं, पुन्हा पडलं. शेवटी ते त्यानं काखेत धरलं.

"केवढी ही उंची, आत्याबाई."

"उंची खरी."

"आणि रस्ते बघा. गटारं फरशीखाली झाकलीत. वास म्हणून नाही."

"तेही खरं. हे घरी सांगायला हवं," आत्या म्हणाली. म्हातारी भांडखोर होती, लबाड नव्हती.

दुपारी तिचे गुडघे बोलू लागले. एका हवेलीच्या पायरीवर ती टेकली, तोच पितळी बटणांचा पहारेकरी आला आणि म्हणाला, "ऊठ." परक्या मुलखाची भाषा तिला कशी कळली, असं विचारू नका. 'ऊठ' हा शब्द कुठल्याही भाषेत कळतो.

"का बाबा? पायरीच तर आहे."

"पायरी चढायला असते. बसायला नाही."

पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारीही तेच. एक लांबलचक कट्टा दिसला, तर त्यावर टोकदार खिळे ठोकलेले.

"कबुतरं बसू नयेत म्हणून असतील," प्रधान म्हणाला.

आत्यानं वर बघितलं. सगळी कबुतरं मनोऱ्यावर मजेत बसली होती.

"कबुतरांना नाही रे ते," ती म्हणाली. "तुला आणि मला आहेत."

दुसरं नगर आरशांचं आणि बाजारांचं. तिथल्या बायका एकट्यादुकट्या, भर गर्दीतून, मान वर करून चालत होत्या आणि कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. आत्या किती तरी वेळ बघत राहिली. "आपल्या बाजारात कोळणीची पोर संध्याकाळी एकटी येत नाही," ती म्हणाली. "हेही सांगायला हवं." प्रधानाला आनंद झाला. कुऱ्हाडीला धार चढत चालली होती ना.

तिथं दुकानांपुढं मखमली गाद्यांच्या बैठका होत्या. आत्या हरखून बसली. लगेच दुकानदारानं काळ्या कडू काढ्याचा पेला आणून ठेवला. रीत अशी, की पेला चालू आहे तोवर बसायचं. पेला संपला की दुसरा घ्यायचा, नाहीतर जागा सोडायची.

"मला हे काही उतरायचं नाही," आत्या म्हणाली. "प्रधानजी, माझ्या गुडघ्यांसाठी तुम्ही प्या."

प्रधान पीत गेला आणि आत्या बसून राहिली. संध्याकाळपर्यंत त्याच्या छातीत ढोल वाजू लागले. पुढच्या सबंध प्रवासात त्याला झोप लागली नाही. गलबताच्या काठावर बसून तो माशांना व्याकरण शिकवायचा. मासे म्हणे पुढं खूप दिवस त्या वाटेला फिरकले नाहीत.

तिसरं नगर सगळ्यांत थोरलं. मधोमध फरसबंद चौक आणि चौकात जगातला सगळ्यात उंच मनोरा. झोप नसलेल्या प्रधानानं भर उन्हात वर पाहिलं, आणि या वेळी पागोटं नाही, प्रधानच पडला.

आत्यानं हाका मारल्या. माणसं ओढ्याच्या पाण्यासारखी दगडाला वळसा घालून जात राहिली. वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकाला उशीर झाला होता, एवढंच.

शेवटी एक म्हातारा चांभार आला. तो त्याच चौकात लाकडी खोक्यावर बसून जोडे शिवायचा. त्यानं ते खोकं आणलं, प्रधानाला त्यावर बसवलं आणि पाणी पाजलं. आत्यानं त्याच्या ओंजळीत फुटाणे ओतले.

"बसू दे त्यांना जरा झाडाखाली," चांभार फुटाणे चावत म्हणाला. "बरं वाटेल."

आत्यानं चहूकडं पाहिलं. झाड सोडा, झुडूपही नव्हतं.

"कुठलं झाड?"

म्हातारा ओशाळून हसला. "तोंडातून जातंच ते. माझ्या आज्याच्या वेळेला इथं होतं म्हणे. या मनोऱ्यासाठी तोडलं. पण अजून सगळे असंच म्हणतात, झाडाखाली भेटू. येतात, उन्हात उभे राहतात आणि जातात."

तेवढ्यात जवळून एक पोरगी मैत्रिणीला ओरडून सांगत गेली, "उद्या लवकर ये गं, मी झाडाखाली थांबते."

आत्यानं पुन्हा एकदा चौकभर झाड शोधलं. खोक्यावर बसलेल्या प्रधानानंही ते ऐकलं.

गलबत परत आलं तेव्हा बाजार गच्च भरला होता. पाराजवळ हळदकुंकू लावलेली कुऱ्हाड तयार होती. राजा नव्या परदेशी जोड्यांत ऐटीत उभा होता. जोडे एका खलाशानं त्याच्या गळ्यात, म्हणजे पायात, मारले होते. ते इतके घट्ट, की राजाच्या चेहऱ्यावर आपोआप गांभीर्य यायचं.

"सांग आत्या," तो म्हणाला, आणि सेवकांनी सिंहासन पुढं केलं.

"थांब," आत्या म्हणाली. "तिकडं चौकात कुणी बसत नाही. थोरामोठ्यांनाही उभंच राहावं लागतं."

"असं? मग न्या ते सिंहासन," राजा खूश होऊन म्हणाला.

आत्या काठी टेकून समोर उभी राहिली. तिचे गुडघे आधीच ठणकत होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं दात आवळले, होते तेवढे, आणि सुरुवात केली. गलबताच्या दोरखंडापासून. मग शिडाची शिवण. मग पहिल्या नगरातली एकूण एक खिडकी, आणि त्या खिडकीत वाळत घातलेलं धोतर. झाकलेली गटारं तिनं सांगितली, त्यांची तारीफ केली. न भिता चालणाऱ्या बायका सांगितल्या, तेव्हा बाजारातल्या बायकांनी माना डोलावल्या. राजा म्हणाला, "म्हणजे सरसच की."

"या दोन गोष्टींत सरस. ऐक तर पुढं."

पुढं ती काढ्याचा एकेक पेला सांगू लागली. राजानं उजवा पाय उचलून डावा टेकला, मग डावा उचलून उजवा. कोळीण आत्याच्या कानाशी येऊन पुटपुटली, "बाई, पडाल हो." आत्या म्हणाली, "पडेन, पण दुसरी. आधी तो."

ऊन कलायला लागलं. राजा इंचाइंचानं सावलीकडं सरकत होता आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आत्या तिसऱ्या नगरात पोचली, प्रधानानं वर पाहिलं, प्रधान चक्कर येऊन पडला. इथं राजाचा हात मागं गेला. हाताला गार दगड लागला. आणि राजा, आपल्या नगराचा राजा, पारावर मटकन बसला.

शेजारी तेली होता. त्याला वाटलं, आला कुणीतरी दमूनभागून. तो न बघताच सरकला आणि म्हणाला, "बसा की. जेवलात का?"

बाजारात टाचणी पडली असती तर दचकली असती.

आत्या थांबली. "झाली माझी गोष्ट."

"अशी कशी झाली? पुढं काय?" राजानं विचारलं.

"पुढचं तूच सांगितलंस, बसून. आता हे उखडायचं असेल तर ऊठ. मी कुऱ्हाड घालते."

राजाच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले. "आत्या, तू मला फसवलंस."

"फसवलं. लहानपणी कडू मात्रा गुळात घालून द्यायचे, तेव्हाही फसवलंच होतं. तोंडाला पढवता येतं रे. पाय कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

राजानं प्रधानाकडं पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता हा छत्री उघडणार. पण प्रधान काखेतलं पागोटं कुरवाळत म्हणाला, "महाराज, त्या एवढ्या थोर नगरात मला टेकायला एक खोकं मिळालं. तेही एका म्हाताऱ्याचं होतं, नगराचं नव्हतं. त्यांनी झाड तोडलं, महाराज. अजून ते झाडाखालीच भेटतात. झाड नाही."

वाकून राजानं आधी एक जोडा काढला, मग दुसरा. पाय पारावर घेतले. मग समोर काठीवर थरथरत उभ्या असलेल्या म्हातारीकडं बघितलं आणि जरासा सरकला.

"बस, आत्या," तो म्हणाला. "उभी का?"

नांदरुक राहिला आणि पारही राहिला. त्या साली नगरातली गटारं झाकली गेली. कोळणीच्या पोरीला छेडणाऱ्यांना राजानं अशी अद्दल घडवली, की पुढं ती दिवेलागणीलाही एकटी बाजारात येऊ लागली. मनोराही झाला, पण बंदराच्या टेकडीवर, गलबतांना दिवा दाखवायला. कुऱ्हाड हळदकुंकवासकट लाकूडतोड्याला देऊन टाकली. आणि राजा रोज संध्याकाळी अनवाणी पारावर यायचा, तेव्हा आत्या त्याला आधी जागा द्यायची आणि मग कान पिळायची.

तात्पर्य: मनोऱ्यानं नगर उंच होतं, पण थोर तेच, जिथं दमलेल्या परक्याला कुणीतरी सरकून 'बसा' म्हणतं.