निकांद्र राजाची नात आणि विस्तव

एकदा काय झालं, फार लांब, ग्रीस देशाच्या निळ्या समुद्रात एक बेट होतं. कोरिसा त्याचं नाव. बेटाच्या मधोमध डोंगर, डोंगरावर जैतुनाची झाडं आणि शेळ्या, आणि अगदी वर राजवाडा. खाली किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती. त्या वस्तीतली पोरं धड चालायच्या आधी पोहायला शिकायची, बरं का.

राजवाड्यात निकांद्र नावाचा राजा राहायचा. मनाने फार चांगला. पण हसायचा नाही. कुणी हसवायला गेलं तर हं म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. लोक म्हणायचे, या घराला शाप आहे. कुणी दिला, कशापायी दिला, ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही.

त्या घराण्यात एक रीत होती. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं ना, तसं त्यांच्याकडे दहाव्या दिवशी. त्या दिवशी पहाटे एक निरोप्या डोंगरापलीकडच्या देवळात जायचा. तिथे गुहेत एक पुजारीण बसायची. तिला विचारायचं, बाळाच्या नशिबात काय आहे? ती एकच वाक्य सांगायची. दुसरं काही विचारलं तर डोळे मिटून घ्यायची. आणि तिचं बोलणं कधी खोटं व्हायचं नाही.

निकांद्राचे आजोबा राजे होते, तेव्हा त्यांना पहिला मुलगा झाला. पुजारीण म्हणाली, याला पाणी नेईल. मग आजोबांनी काय केलं? मुलाला समुद्रच दाखवला नाही. डोंगराच्या आतल्या अंगाला त्याच्यासाठी घर बांधलं. होडी नाही, पोहणं नाही, आंघोळसुद्धा तांब्यातांब्याने. असा तो अठरा वर्षांचा झाला. एक दिवस वाऱ्याने त्याची टोपी बागेतल्या हौदात पडली. हौद तो केवढा, छातीएवढा. तो टोपी काढायला वाकला आणि आत गेला. उभा राहिला असता तरी वाचला असता. पण पाण्यात पाय टेकायचे असतात, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याचा धाकटा भाऊ राजा झाला. हा निकांद्राचा बाप. त्याला जुळे मुलगे झाले, निकांद्र आणि लिकस. पुजारीण म्हणाली, एकाचा हात दुसऱ्याच्या जिवावर उठेल. बाप घाबरला. त्याने निकांद्राला आपल्याजवळ ठेवलं आणि लिकसला बेटाच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या सरदाराकडे दिलं. दोघांनाही सांगितलं नाही की तुला भाऊ आहे. दोघं वीस वर्षांचे झाले. थंडीच्या दिवसांत निकांद्र रानात शिकारीला गेला. त्याने एका डुकरावर भाला टाकला. झाडामागून आणखी कुणीतरी टाकला. डुक्कर पडलं. माझं, नाही माझं, असं भांडण झालं. दोघांच्याही तोंडाला थंडीसाठी फडकी गुंडाळलेली. एक शब्द वाढला, दुसरा वाढला, आणि मग निकांद्राच्या हातून समोरचा मरून पडला. निकांद्राने त्याचं फडकं बाजूला केलं. खाली त्याचाच चेहरा होता.

त्या दिवसानंतर निकांद्राने हत्यार हातात धरलं नाही, आणि तो हसलाही नाही. आता कळलं ना, तो खिडकीबाहेर का बघायचा?

वर्षं गेली. निकांद्र राजा झाला. त्याला मिर्तो नावाची एकुलती एक मुलगी. तिने लग्न केलं ते दामोनशी. दामोन कोळ्यांचा तांडेल होता, म्हणजे होड्यांच्या पुढे राहून सगळ्यांना वाट दाखवणारा. राजाने नाही म्हटलं नाही. माणूस चांगला होता, तेवढं त्याला पुरे होतं. मग मिर्तोला मुलगी झाली. मुठीएवढं तोंड आणि डोकंभर केस. राजा तिच्याजवळ जायचा, पण हात मागे बांधून. आपले हात तिला लावायची त्याला भीती वाटायची.

दहाव्या दिवशी निरोप्या परत आला. दारातच घुटमळला. मग म्हणाला, पुजारीण म्हणते, ही मुलगी हा राजवाडा जाळील.

राजाचा चेहरा पांढरा पडला. त्याने सांगितलं, होडी काढा. बाळाला पलीकडच्या बेटावर, चांगल्या घरी पाठवू. दूध देणारी शेळीही बरोबर द्या. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पुढचं अरिष्ट टाळायचं, एवढंच त्याला कळत होतं. मिर्तोने बाळ उचललं आणि होडीत जाऊन बसली. म्हणाली, चला, मी पण येते. राजाला तेही बघवेना. होडी परत ओढली.

मग त्याने दुसरा हुकूम काढला. राजवाड्यात विस्तव नको. चुली विझवा, शेगड्या विझवा, दिवे विझवा. आणि मधल्या दालनात जी मोठी गोल चूल होती, तिच्यावरही पाणी ओतलं. ती चूल दोनशे वर्षांत कधी विझली नव्हती.

आता इथे एक मोठी अडचण झाली. त्या मुलखात मूल नुसतं जन्मून घरचं व्हायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्याला कुशीत घेऊन पेटत्या चुलीभोवती तीन फेऱ्या मारायच्या. तेव्हा ते मूल त्या घराचं. तेव्हाच त्याला नाव. चूलच विझली, मग फेऱ्या कशाभोवती मारणार? त्यामुळे बाळाला नाव नाही. कुणी तिला बाळी म्हणे, कुणी छकुली म्हणे. राजा काहीच म्हणत नसे.

राजवाड्यात सगळे थंड खाऊ लागले. सकाळी चीज आणि अंजीर, दुपारी अंजीर आणि चीज. रात्री काय, असं विचारायची सोय नव्हती. आचारी कंटाळला. म्हणाला, असल्या स्वयंपाकाला मी कशाला हवा, एखादी शेळी नेमा, तिला एवढं येतं. आणि खुशाल जाऊन कोळीवाड्यात जेवू लागला. अंधार पडला की माणसं भिंती चाचपत चालायची आणि एकमेकांवर आपटायची.

असं करता करता थंडी आली. डोंगरावर बर्फ पडलं. दगडाच्या भिंती गार, फरशी गार, दूध गार. बाळाला खोकला झाला. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी नुसती कण्हली. तिसऱ्या दिवशी तिने आवाजच केला नाही. ओठ निळे झाले. असल्या बर्फात आजारी पोर कोळीवाड्यात उतरवायची सोय नव्हती. मिर्तोने तिला आपल्या अंगाशी धरलं, तीन घोंगड्या गुंडाळल्या, पण मिर्तोच थरथरत होती, ती ऊब कुठून देणार?

राजवाड्यात फिलीना नावाची म्हातारी दाई होती. तिनेच निकांद्राला आणि लिकसला जन्मल्यावर दूध पाजलेलं. ती कुणाला न सांगता काठी टेकत कोळीवाड्यात उतरली आणि एका मडक्यात निखारे घेऊन परत डोंगर चढली. दुपारभर चढत होती बिचारी. राजा दारात उभा होता. त्याने मडकं बघितलं आणि दोन्ही हात पसरून दार अडवलं.

दाई म्हणाली, "बाजूला हो, निकांद्रा."

"दाई, तुला ठाऊक आहे पुजारीण काय म्हणाली ते."

"ठाऊक आहे. तुझा काका गेला तेव्हा मी लहान होते. ज्या हौदात तो गेला ना, त्यात मी रोज डुंबायचे."

दाईने मडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"आणि तू आणि लिकस दहा दिवस एका पाळण्यात होता. तू रडलास की तो रडायचा. त्यानंतर एकदा, नुसतं एकदा, तुम्हाला एका ताटात जेवू घातलं असतं, तर त्या रानात तू त्याला हाक मारली असतीस. तुझ्या बापाला मी तेव्हा बोलले नाही. मी पडले नोकर. आता मला म्हातारीला कोण काय करणार आहे?"

राजाचे हात हळूहळू खाली आले. मागे मिर्तो बाळाला घेऊन उभी होती. राजा तिच्याकडे वळून म्हणाला, "आणि राजवाडा जळाला तर?"

मिर्तो म्हणाली, "जळू दे, बाबा. त्याला बांधणारे गवंडी आहेत. हिला कोण बांधणार?"

राजा दारातून बाजूला झाला. मग त्याने दाईच्या हातातलं मडकं घेतलं. मोठ्या चुलीपाशी गुडघे टेकून बसला. निखारे ठेवले, वर काटक्या ठेवल्या, आणि स्वतः फुंकर घातली. राजाला कुठली सवय? धूर डोळ्यांत गेला, खोकला आला. पण जाळ लागला. मग तो उठला आणि त्याने बाळाला मिर्तोच्या हातांतून घेतलं. ज्या हातांची त्याला इतकी वर्षं भीती वाटत होती, त्याच हातांनी घेतलं. एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला बाळ शिंकलं. राजा म्हणाला, हिचं नाव नीसा.

मग नीसा मोठी होऊ लागली. राजाने तिला विस्तवापासून लांब ठेवलं नाही. रोज चुलीपाशी घेऊन बसायचा. फिलीना दाई तिला शिकवायची. निखारा राखेखाली कसा निजवायचा. लाकूड ओलं की वाळलेलं, ते ठोकून आवाजावरून कसं ओळखायचं. आणि वारा बघितल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. एकदा नीसाचं बोट भाजलं. ती रडली. राजाने बोटाला मध लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला चुलीपाशी बसवलं. पाच वर्षांची असताना ती आचाऱ्याला रागवायची, की जाळ फार केलात, डाळ खाली लागेल. आचारी म्हणायचा, हो बाईसाहेब.

नीसा नऊ वर्षांची झाली, त्या वर्षीची गोष्ट. मासेमारीचे दिवस होते. दामोन सतरा होड्या घेऊन लांब समुद्रात गेला. बेटावरचे सगळे बाप, सगळे मोठे भाऊ त्या होड्यांत. आणि अचानक धुकं आलं. असं धुकं की आपला हात आपल्याला दिसेना. कोरिसाभोवती पाण्यात मोठमोठे खडक होते. वाट चुकली की होडी फुटलीच म्हणून समजा. दिवस मावळायला आला. कोळणींनी किनाऱ्यावर जाळ केला, पण आठ दिवस पाऊस पडलेला, लाकडं ओली. नुसता धूर. लांबून होड्यांतल्या शंखांचा आवाज यायचा, कधी इकडून, कधी तिकडून. होड्या चुकल्या होत्या.

राजा वाड्याच्या पायरीवर उभा होता. शेजारी नीसा. ती खालच्या धुराकडे बघत होती. म्हणाली, "आजोबा, तो जाळ खाली आहे. धुकं त्याला गिळतंय. आपलं घर धुक्याच्या वर आहे. आणि आपली लाकडं कोरडी आहेत."

राजाने वर बघितलं. दोनशे वर्षांची वाळलेली देवदाराची तुळई, तेलाचे रांजण, पडदे, पलंग. एवढ्या धुक्यातून दिसायचा तर घराएवढाच जाळ हवा, आणि लाकडं बाहेर काढून रचायला वेळ नव्हता. त्याला नऊ वर्षांपूर्वीचं ते वाक्य आठवलं. पण या वेळी तो घाबरला नाही. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. घोडे काढले, शेळ्या काढल्या, मांजर काढली. फिलीना दाईला दोघांनी खुर्चीसकट उचललं. ती म्हणत होती, माझी सूत काढायची चरकी राहिली, माझी चरकी आणा, मग काय जाळायचं ते जाळा. ती पण आणली.

मग राजाने मशाल घेतली. म्हणाला, "मी लावतो, बाळ. हे तुझ्यावर नको."

नीसा म्हणाली, "आजोबा, तुम्ही उत्तरेच्या दाराकडून लावाल आणि खालची झाडं पेटतील. वारा बघा ना कुठला आहे."

राजाने मशाल तिच्या हातात दिली आणि तिचा दुसरा हात धरला. दोघं फिरून दक्षिणेच्या कोपऱ्यावर गेले. तिने तिथल्या तबेल्यातल्या वाळलेल्या पेंढ्याला मशाल लावली. आधी जरा तडतडलं. मग छपराने पेट घेतला, आणि जाळ असा वर गेला की धुकं आतून केशरी झालं. खाली वस्तीवर एक ठिणगी पडली नाही.

सगळे किनाऱ्याला उतरले. मग समुद्रातून शंख वाजला. या वेळी एकाच दिशेने. मग दुसरा वाजला. एक होडी खडकांमधून आत आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. कोळणी मोजत होत्या. पंधरा. सोळा. बराच वेळ काही नाही. मिर्तो गुडघाभर पाण्यात उभी होती. मग सगळ्यांत शेवटी तांडेलाची होडी आली, दामोनची. सगळ्यांना पुढे घालून तो मागे राहिला होता. त्याने वर जळणाऱ्या राजवाड्याकडे बघितलं आणि विचारलं, घरात चूल कुणी सांभाळली नाही का? तेव्हा निकांद्र राजा हसला. आधी हळू, मग मोठ्याने. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. नीसा त्याची बाही धरून उभी राहिली.

राजवाडा जळून गेला. पुजारिणीचं म्हणणं खरं झालं, बरं का. आणि एकाचाही जीव गेला नाही. नंतर राजाने किनाऱ्यालाच चार खोल्यांचं घर बांधलं. मिर्तोला आणखी दोन मुलगे झाले. एक मोठा होऊन शेळ्या राखायचा, दुसरा होड्या बांधायचा. त्यांच्या नशिबाची चौकशी करायला डोंगरापलीकडे कुणी गेलं नाही. नीसा पुढे बेटाची राणी झाली, आणि सगळे सुखाने राहिले.

पण ज्या दिवशी होड्या परत आल्या, त्या दिवशी राजाला घर नव्हतं. मग तो एका कोळ्याच्या झोपडीत गेला. आत दहा-बारा माणसं दाटीवाटीने निजली होती. एका कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग होता, मासळीचा वास मारणारा. राजा त्यावर आडवा झाला. एका कुशीला नीसा, दुसऱ्या कुशीला कुणाचं तरी अनोळखी पोर. त्याने दोघांवर आपलं पांघरूण ओढलं आणि डोळे मिटले. लगेच घोरायला लागला.

चला, तुम्हीही आता पाय पोटाशी घ्या. धाकट्याच्या अंगावर पांघरूण आहे का बघा जरा. नसलं तर अर्धं द्या. आणि निजा.