राणीच्या अंबाड्याखालचे खड्डे

एकदा एका वृद्ध नाणेपारख्याकडे एक व्यापारी राणी व्हिक्टोरियाच्या छापाची सोन्याची गिन्नी घेऊन आला. सोबत पारख्यानेच दिलेली जुनी चिठ्ठी होती. व्यापारी म्हणाला, "बारा वर्षांपूर्वी तुम्हीच हिला अस्सल म्हणालात. चिठ्ठी बघून मी ही विकत घेतली. विकणाऱ्याकडे अशाच आणखी चाळीस आहेत. उद्या दुकान विकून सगळ्या घेतोय. तेवढी पुन्हा एकदा बघा."

पारख्याची नजर आता अधू झाली होती. त्याने गिन्नी शिष्याकडे सरकवली.

वजन चोख भरले. मग शिष्याने भिंग लावले. राणीच्या अंबाड्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. टाकसाळीत ठसा मारून पाडलेल्या नाण्यावर ते नसतात. साच्यात सोने ओतले की पडतात. सोने खरे, पण नाणे खोटे; जुन्या नाण्याचा चढा भाव त्याला नाही! आणि चिठ्ठीवर गुरूंची सही. ज्यांनी भिंग धरायला शिकवले, त्यांनाच परक्या माणसासमोर खोटे पाडायचे? त्याने भिंग खाली ठेवले.

"अस्सल आहे," तो पुटपुटला.

व्यापारी समाधानाने उठला. गुरूंनी त्याला थांबवले. गिन्नी मागितलीच नाही. शिष्याचे मनगट तेवढे धरले. मग चिठ्ठी घेऊन फाडून टाकली.

"शेटजी, दुकान विकू नका. गिन्नी खोटी आहे. तुमचं नुकसान मी भरून देईन."

"हातसुद्धा न लावता कसं सांगता?"

"अस्सल नाणं पाहिलेल्याचा हात इतका गार पडत नाही."

व्यापारी सुन्न होऊन निघून गेला. शिष्याला रडू आवरेना.

गुरू म्हणाले, "अरे, आपण चुकू ही भीती बरी. ती भिंग पुन्हा डोळ्याला लावायला लावते. चूक उघडी पडेल ही भीती मात्र भिंग खाली ठेवायला लावते. बारा वर्षांपूर्वी हे खड्डे मलाही दिसले होते. पण आदल्याच महिन्यात तशीच एक गिन्नी मी अस्सल ठरवली होती. हिला खोटी म्हटलं असतं, तर ती चूक उघडी पडली असती. तेव्हापासून कुणी जुनी चिठ्ठी काढली, की माझाही हात असाच गार पडतो. आजही बोलायचा धीर झाला नाही, म्हणून नाणं तुझ्याकडे सरकवलं."

मग ते म्हणाले, "माझ्या सगळ्या चिठ्ठ्या परत मागव. प्रत्येक नाणं तू पुन्हा बघ."

"आणखी चुका निघाल्या तर?"

"निघतील," गुरू म्हणाले. शिष्याने डोळे पुसले आणि भिंग उचलले.