राणी माणकावती आणि तीन झाकलेले कुंभ

एका राज्यात कोणावरही विश्वास न ठेवणारी राणी होती. नाव तिचे माणकावती. दूध आले की ती गवळ्याला म्हणे, आधी तू पी. ज्योतिषाने मुहूर्त सांगितला की दुसऱ्या ज्योतिषाला बोलावी, आणि दोघांचे जुळलेच तर ते एकमेकांचे साडू तर नाहीत ना, याची चौकशी करी. लोक म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आमच्या राणीसाहेबांना मूठ उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

राजा धवलसेन मात्र भोळा. त्याला या पहाऱ्याचा कंटाळा आला. एके सकाळी तो कोणाला न सांगता घोड्यावर बसला आणि काळडोंगराकडे निघाला. तिथल्या गुहेत शापित खजिना आहे, हे राज्यात पोरासोरांना ठाऊक होते. शाप कसला, हे विचारायचे तेवढे राजाला सुचले नाही.

राजा परतला नाही. आली ती एक साळुंकी. महालाच्या गवाक्षात बसून ती माणसासारखी बोलू लागली. राजा गुहेत आहे, घोरपाद मांत्रिकाच्या प्रश्नाचे उत्तर चुकला आणि हनुवटीपर्यंत दगड झाला, असे तिने सांगितले.

राणीच्या काळजात चर्र झाले. पण तिने विचारले ते निराळेच.

"तू तिथे काय करत होतीस?"

साळुंकीने मान वळवली. हिच्या पोटात काहीतरी काळेबेरे आहे, असे राणीने ताडले. पण वाट तिलाच माहीत होती. म्हणून तिच्या पायाला रेशमाची दोरी बांधून राणीने तिला मनगटावर घेतले, आणि परवानगीवाचून चोच उघडायची नाही, अशी ताकीद दिली.

गुहेत दगडाची माणसे उभी होती. कोणी शेटसावकार, कोणी राजपुत्र, कोणी नुसतेच हावरे. त्यांतल्या एका तरुणाच्या खांद्यावर साळुंकी सवयीने जाऊन बसली. म्हणजे हिचे इथे नेहमीचे येणेजाणे आहे, राणी मनात म्हणाली, आणि तिने दोरी आवळली. पलीकडे धवलसेन होता. चेहरा तेवढा माणसाचा उरला होता. राणीला पाहून त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तिलाही रडू फुटले असते, पण समोर घोरपाद उभा होता आणि त्याच्यासमोर रडायचे नाही असे तिने ठरवले होते.

"तीन कुंभ, तीन प्रश्न," घोरपाद म्हणाला. "आत किती, ते न उघडता सांगायचे. बरोबर सांगितलेस तर राजाचा दगड उतरेल. चुकलीस तर राजा पुरता दगड होईल, आणि त्याच्या शेजारी तू."

"आणि प्रश्नच खोटा निघाला तर?"

मांत्रिक थबकला. आजवर असे कोणी विचारले नव्हते. खोटा म्हणजे कसला, असे त्याने विचारले. ज्यातून एकच एक उत्तर निघत नाही तो खोटा, राणी म्हणाली, आणि तसा प्रश्न विचारला तर शाप विचारणाऱ्यावर उलटावा. घोरपाद हसला. हातातल्या मंतरलेल्या दंडावर, म्हणजे काठीवर, दुसरा हात ठेवून त्याने लगेच शपथ घेतली. इतक्या लगेच घेतली, की राणीचा संशय दुणावला.

पहिल्या कुंभात मोती होते. घोरपाद म्हणाला, ते दुप्पट केले आणि त्यात सहा टाकले, की वीस होतात.

"चार!" साळुंकी ओरडली. विसाचे निम्मे दहा, त्यातून सहा गेले, उरले चार.

राणीने तिच्याकडे रोखून पाहिले. मग चार हा आकडा तिने उचलून प्रश्नात घालून पाहिला, जसा शिजला की नाही ते पाहायला भाताचा दाणा दाबावा तसा. चाराचे दुप्पट आठ, त्यात सहा, झाले चौदा. वीस कुठे? ही पाखरी मांत्रिकाची हस्तक आहे, हे तिला पक्के वाटले. तिने उलट्या पावलांनी चालायचे ठरवले. शेवटी जे घातले ते आधी काढायचे. विसातून सहा काढले, चौदा उरले. त्याचे निम्मे सात. सात पुन्हा प्रश्नात घालून पाहिले, वीस आले, तेव्हाच ती बोलली.

"सात."

कुंभ फुटला. सात मोती घरंगळले. राजाचा दगड कमरेपर्यंत उतरला.

दुसऱ्यात पोवळी होती. त्यांची पाचपट करून तीन मिळवले, किंवा तिप्पट करून तेरा मिळवले, तरी सारखेच होते. साळुंकी या वेळी गप्प बसली, आणि तेही राणीला संशयास्पदच वाटले. तिने किती पोवळी ते ठाऊक नसलेली एक झाकली मूठ मनात धरली. एकीकडे पाच मुठी आणि तीन, दुसरीकडे तीन मुठी आणि तेरा. दोन्हीकडून तीन तीन मुठी उचलल्या, तीन तीन सुटी उचलली. एकीकडे राहिल्या दोन मुठी, दुसरीकडे दहा पोवळी.

"पाच," ती म्हणाली, अर्थात ताळा पाहून. दगड घोट्यापर्यंत उतरला.

"आता हिरे," घोरपाद म्हणाला, आणि त्याचा आवाज मधासारखा गोड झाला. "ते दुप्पट कर, एक मिळव, आले ते पुन्हा दुप्पट कर. दुसरीकडे तेच हिरे चौपट करून दोन मिळव. दोन्ही सारखेच येतात."

साळुंकीने दोरीला हिसका दिला. "राणी, बोलू दे," ती म्हणाली. "नऊ सांगू नकोस. मी नऊ सांगितले होते. ताळाही जमला होता. कुंभ उघडला तर आत दहा निघाले."

ही आपल्याला नवापासून का हुसकावते आहे? नऊच खरे असतील का? राणीने नऊ घालून पाहिले. एकीकडे अडतीस, दुसरीकडे अडतीस. बसले. मग पाखरी खोटी. पण राणीने दहाही घालून पाहिले. बेचाळीस आणि बेचाळीस. तेही बसले. मग पाखरी खरी. तिने एक घातला, शंभर घातले, काहीच नाही असेही धरून पाहिले. सारेच बसत होते. तेव्हा तिने दोन्हीकडून चार चार मुठी उचलल्या. उरले दोन आणि दोन. हिरे कुठेच नव्हते.

"घोरपादा," राणी म्हणाली, "ज्या कुलपाला कुठलीही किल्ली लागते, ते कुलूप नव्हे. या प्रश्नात हिऱ्यांबद्दल तू एक अक्षरही सांगितले नाहीस. कोणी नऊ म्हणाले की तू दहा करतोस, दहा म्हणाले की अकरा."

"माझा शब्द न् शब्द खरा आहे," मांत्रिक म्हणाला.

"शब्द खरे आहेत. प्रश्न खोटा आहे."

दंड त्याच्या हातातच दगडाचा झाला. मग हात, मग छाती, मग ते गोड तोंड. राजाची पावले मोकळी झाली. गुहेतली सारी माणसे श्वास घेऊ लागली. साळुंकीची एक तरुण मुलगी झाली आणि धावत जाऊन त्या तरुणाच्या गळ्यात पडली. तो तिचा भाऊ होता.

राणीला आपल्याच मनाची लाज वाटली. ती पुढे झाली.

"मुली, चार म्हणालीस ते चुकले, पण तुझ्या मनात कपट कधीच नव्हते. मी तुझ्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही."

"म्हणून तर माझे बोलणे ताडून पाहिलेत," मुलगी म्हणाली. "माझ्या भावाने ठेवला होता. मी नऊ म्हणाले, तो नऊ म्हणाला, आणि मी पाहता पाहता तो दगड झाला, आणि मांत्रिकाने मला साळुंकी केले."

खजिना ज्याचा त्याला परत गेला, राजा राज्याला मिळाला आणि राज्याची घडी बसली. तुम्हांआम्हांला प्रश्न पडोत, पण उत्तर असलेले पडोत. आणि उत्तर सांगणारे कोणी भेटलेच, तर ताळा पाहायची बुद्धी होवो.