कावळ्याचं पाऊल

फार पूर्वी, माणसाचा गुन्हा त्याच्या कपाळावर गोंदत असत, तेव्हाची ही गोष्ट. कोष्ट्यांचं एक गाव होतं. तिथे कुणी मोठा अपराध केला की गोंदणारीण येई आणि त्याच्या कपाळावर कावळ्याचं पाऊल काढी. मग जन्मभर त्याला ना कुणी काम देई, ना त्याच्याशी सोयरीक करी.

त्या गावात एका नावाजलेल्या कोष्ट्याकडे अकरा वर्षांची एक पोर विणकामाच्या सुताच्या कांड्या भरायला जाई. तिला आईबाप नव्हते, मावशीपाशी राही. एक दिवस तिच्या हातून धागा गुंतला. कोष्टी गिऱ्हाइकांसमोरच ओरडला, "हात आहेत की खुरपी? आईच नाही, तर वळण लावणार कोण!"

गिऱ्हाइकं हसली. दुपारी सगळे जेवायला गेले, तशी तिने कात्री उचलली आणि मागावरच्या शालूचे उभे धागे कचाकच कापून टाकले. आणि शालू कुणाचा? तर खुद्द राणीसाहेबांचा!

झालं. गाव चावडीवर लोटलं. निवाडा करायला एक वयस्क न्यायाधीशबाई बसल्या होत्या.

"बाई, गोंदणारीण सुया घेऊन आलीय," कोष्टी म्हणाला. "काढा पाऊल. आज सोडलीत तर उद्या घर पेटवील ही."

मावशीने बाईंचे पाय धरले. "नका हो! हिला मग दारात तरी कोण उभं करील?"

बाईंनी पोरीला जवळ बोलावलं. "तू कापलेस?"

"हो."

"का गं?"

"हे माझ्या आईवरून बोलले."

कोष्ट्याने मान खाली घातली.

बाईंनी आपली बाही वर सरकवली. "मी चार वर्षांची असताना आईने इथे तांदळाएवढा ठिपका गोंदवला होता. बघा."

ठिपका करवंदाएवढा पसरला होता.

"हात वाढला, तसा हाही वाढला. हिच्या कपाळावर आज बोटभर पाऊल काढाल, ते हिच्याबरोबर वाढत जाईल. गुन्हा अकरा वर्षांच्या पोरीचा, आणि तो मिरवायचा कुणी? जी बाई अजून घडायचीच आहे, तिने?"



"मग काय नुसतं सोडायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"सोडते कशी? जेवढे धागे कापले, तेवढे हिने स्वतः सांधायचे. कोष्टीदादा, तुम्ही शेजारी बसून शिकवायचं. आणि गावाने काय करायचं, तर हिचं नाव घेऊन ही गोष्ट पुन्हा कधी बोलायची नाही."

सगळ्यांत अवघड शिक्षा गावाचीच हो! पाणवठ्यावर किती जणींनी जिभा चावल्या असतील, देवच जाणे.

पोर रोज मागावर बसे. एक धागा सांधावा तर दुसरा निसटे. रडे, पुन्हा सांधे. कोष्टी आधी नुसता खेकसे. मग हळूहळू आपल्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवू लागला. शालू उशिरा झाला, पण झाला.

वर्षं लोटली. एक परगावचा व्यापारी म्हाताऱ्या कोष्ट्याच्या दारात येऊन म्हणाला, "बाबा, इथे म्हणे एका पोरीने राणीचा शालू कापला होता. कुठे असते ती?"

शेजारच्या मागावर एक बाई विणत होती. तिचा धोटा थांबला. आळीतल्या बायकाही दळता दळता थांबल्या. ओठ मात्र एकीचाही हलला नाही.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "होती खरी. पण ती पोर आता या गावात राहत नाही."

धोटा पुन्हा चालू झाला.

तात्पर्य: लेकराकडून त्याच्या चुकीची भरपाई जरूर करून घ्यावी, पण ती चूकच त्याची ओळख होऊ देऊ नये.