गोजरा राणी आणि तिसऱ्या गावचा धूर

पाय आत घ्या पांघरुणात. दिगू, तू भिंतीकडे सरक, मुक्ताला जागा दे. झालं? आता गप पडून ऐका.

एक होती राणी. गोजरा तिचं नाव. राणी म्हणजे काय, तर एक गाव, थोड्या गायी आणि डोक्यावर मुकुट. बाकी सगळा मुलूख धुक्यात बुडालेला. हात लांब केला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. माणसाचं पाऊल पडलं की तेवढ्यापुरतं ते धुकं उठायचं. तिथं चूल पेटली की ते कायमचं जायचं. पण चूल पेटली नाही, तर हळूहळू परत यायचं आणि आतल्या माणसांना पुन्हा वाट सापडायची नाही.

आणि त्या मुलखात होता एक भारद्वाज पक्षी. तांबड्या डोळ्यांचा, बैलाएवढा थोराड. तो ज्याच्या छपरावर बसेल त्याचा डाव. डाव आला की एकच मोठं काम करायचं. गाव वसवा, नाहीतर सैन्य काढा, नाहीतर शेजाऱ्याकडे दूत पाठवा. एकच, बरं का. मग भारद्वाज उडून दुसऱ्याच्या छपरावर. आपला डाव नसताना कुणी घोड्यावर खोगीर घातलं, तर घोडा खाली बसायचा. ओढा, मारा, गूळ दाखवा, उठायचा नाही. हसू नकोस मुक्ता, राजेलोकांचे फार हाल व्हायचे त्यानं.

पहिला डाव आला. राणीनं नदीकाठी गाव वसवलं. आपल्या चुलीतले निखारे राखेत घालून खापरातून पाठवले, तिथली चूल पेटली, भाताला जमीन मिळाली. दुसरा डाव आला. तिनं डोंगराखाली गाव वसवलं. तिथंही निखारे गेले, चूल पेटली, दगड मिळाला. राणी रोज सकाळी गच्चीवर जाऊन दोन गावांचे दोन धूर बघायची आणि मनात फुगायची. फुगायचीच. खोटं कशाला सांगू?

मग तिसरा डाव आला. राणी म्हणाली, आता मिठाच्या तळ्यावर.

राणीकडे हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती. नव्या गावाचे निखारे नेहमी तीच न्यायची. ती म्हणाली, "बाईसाहेब, ते तळं खंबीर राजाच्या उंबऱ्याला लागून हाय. आधी दूत धाडा. इचारा त्याला."

"दूत धाडला की डाव गेला," राणी म्हणाली. "आणि धुक्यातली जागा काही कुणाच्या बापाची नसते."

हौसाबाईनं खापर घेतलं. बायका, पुरुष, लेकरं बरोबर निघाली. सगळी चालत गेली, तळ्यापाशी पोचली. पण शेवटचा ओढा ओलांडताना शेवाळावर हौसाबाईचा पाय घसरला, खापर पाण्यात पडलं आणि निखारे विझले. तेवढ्यात भारद्वाज उडाला. राणीचा डाव संपला.

सकाळी राणी गच्चीवर आली. नदीकडे धूर, डोंगराकडे धूर, तळ्याकडे काही नाही. तिकडे लेकरं होती हो.

तिनं निखारे घेतले आणि घोड्यावर बसली. घोडा खाली बसला. मग पालखी मागवली. भोयांनी खांदा दिला, पण पालखी जमिनीवरून हलेना. मग राणी खापर घेऊन पायीच निघाली. शिवेपाशी आली आणि खापरातले निखारे फुस्सकन विझले. आपला डाव नव्हता ना. राणी शिवेवर बसून रडली. मुकुट काढून ठेवला आणि पदरात तोंड घालून रडली.

रडता रडता तिच्या ध्यानात आलं. डाव नसताना गाव वसवता येत नाही, सैन्य काढता येत नाही. पण शेजारणीकडे विस्तव मागायला कुठं डाव लागतो? तिनं रिकामं खापर उचललं, पाऊल पुढे टाकलं आणि पाऊल पडलं.

ती खंबीर राजाच्या दारात पोचली, तर त्याच्या छपरावर भारद्वाज बसला होता. खाली अंगणात भाले घासणं चाललं होतं. राजाला बातमी कळली होती, आणि तो रागानं लाल झाला होता.

"राणीसाहेब, माझ्या दारात गाव वसवलंत. विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"म्हणून नाही विचारलं," राणी म्हणाली. "चुकलं माझं. आता विस्तव मागायला आलेय. माझी माणसं धुक्यात बसलीत. पण डाव तुमचा आहे, राजे. सैन्य काढा नाहीतर चूल पेटवा. दोन्ही होणार नाही."

राजाला सैन्य काढायचीही गरज नव्हती खरं तर. नुसता बसून राहिला असता, तरी धुक्यानं ती माणसं गिळली असती आणि तळं त्याचंच झालं असतं. त्यानं एकदा भाल्यांकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या खापराकडे पाहिलं. मग उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आपल्या हातानं निखारे काढून आणले. सवय नव्हती, बोट भाजलं. बोट तोंडात घालून म्हणाला, "चला."

दोघं चालत गेली. तळ्यापाशी धुकं गळ्यापर्यंत आलं होतं. हौसाबाई एकेका लेकराचं नाव घेऊन हाक मारत होती, आणि लेकरं एकमेकांचे हात धरून ओ देत होती. राजा वाकला, तीन दगडांमध्ये निखारे ठेवले आणि फुंकर घातली. चूल पेटली. धूर वर गेला आणि धुकं सरसर मागे हटलं. पाहतात तर काय, पांढरंशुभ्र तळं, आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर राजाचंच एक गाव. तिथल्या बायका दारात उभ्या राहून इकडेच बघत होत्या.

आपल्या निखाऱ्यानं पेटलेल्या चुलीवर कुणी भाला उगारतं का? राजा तिथंच जेवायला बसला. पहिली भाकरी त्याच्या ताटात पडली. मिठाचं निम्मं निम्मं ठरलं.

मग फिरून भारद्वाज गोजरा राणीच्या छपरावर आला. सगळ्यांना वाटलं, आता चौथं गाव वसवणार. राणीनं तो अख्खा डाव दूत पाठवण्यात घालवला. दूतानं खंबीर राजाला एवढंच विचारलं, "पुढचं गाव कुठं वसवू?" त्यानं जागा दाखवली आणि निखारेही दिले.

मग सगळी सुखानं राहिली. आता ऐका, कौलांवर काही वाजलं? भारद्वाज आपल्या छपरावर बसलाय. डाव तुमचा. एकच काम करायचं. मिटा डोळे.