आबा मेस्त्रींचा जावई आणि चिकट कागद

आंबेखोल गावात एक भोळा घरजावई राहत होता. नाव झिलू. भोळा हा सासुरवाडीचा शब्द. गावात त्याच्यासाठी दुसरे शब्द होते.

त्याचे सासरे आबा मेस्त्री लाकडावर कोरीव काम करत. पाट्या, पाळणे, देवळांची दारं. त्या साली ते माळ्यावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. कोरून झालेली कामं रंगावाचून पडून राहिली. घरात रिकामे हात दोनच होते, आणि ते झिलूचे होते.

आबांनी त्याला समोर बसवून सांगितलं. फळीवर आधी हा पातळ, चिकट प्लास्टिकचा कागद दाबून बसवायचा. मग अक्षरं रंगवायची. मग कागद काढायचा. लाकडाला डाग पडत नाही. मध्ये कोरलेल्या जागेवरचा कागद कापून काढायचा असतो, हे त्यांनी सांगितलं नाही. माणसाला ते सांगावं लागत नाही, असा त्यांचा समज होता.

पहिलं काम शाळेच्या पाटीचं. झिलूने कागद बसवला. आरपार दिसणारी अक्षरं वरून लाल रंगाने सुरेख गिरवली. मग कागद काढला. पाटी होती तशी बिनरंगाची, लाल अक्षरं सगळी कागदावर. शाळेवर आता पाटी लावायची की कागद, असं त्याने आबांना विचारलं.

आबांच्या ओठांवर जे आलं ते त्यांनी गिळलं. जावयाला तसं बोलता येत नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "कोरलेल्या जागेवरचा कागद कापायचा. कागद निघाला की तिथे रंग भरायचा."

"एवढंच ना," झिलू म्हणाला.

दुसरं काम पाळण्याचं. त्यावर आबांनी पोपटांची रांग कोरली होती. झिलूने पोपटांवरचा कागद नीट कापला आणि हिरवा रंग भरला. आबांनी डोकावून पाहिलं. काम इतकं चांगलं झालं होतं की ते निर्धास्तपणे आडवे झाले. मग झिलूने उरलेला कागद काढला. कागद निघाला, म्हणून तिथेही रंग भरला. संध्याकाळी पाळणा न्यायला आलेल्या बाईंनी पोपट कुठे आहेत ते विचारलं. झिलू दाखवायला गेला, पण हिरव्यात हिरवा त्यालाही सापडेना.

आबांनी कपाळाला डावा हात लावला. जिथे रंग लागायला नको तिथे कागद असलाच पाहिजे, आणि तो काढायची घाई करायची नाही, असं त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. झिलूने मान हलवली. मान हलवण्यात तो कधी चुकला नाही.

तिसरं काम देव्हाऱ्याचं. यावेळी सोनेरी रंग जागच्या जागी बसला. झिलूने घाई केली नाही. उन्हातान्हात देव्हारा ओटीवर तसाच राहिला आणि कागद लाकडाला धरून बसला. गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा झिलू नखाने कागद कुरतडायला लागला. प्रत्येक तुकड्याबरोबर सोनं उडत गेलं. गिऱ्हाइकाने देव्हारा घेतला नाही. परत येणार नाही, एवढं मात्र सांगून गेलं.

"कुरतडायचा नाही," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज बसला होता. "एका झटक्यात ओढायचा. आणि काही उडालंच, तर मालकाला दिसायच्या आत ब्रशने भरून घ्यायचं."

राहिली देवळाची दारं. त्यावरचे मोर आबांनी आपल्या हातचं शेवटचं मोठं काम म्हणून कोरले होते. ही बिघडली असती तर पुन्हा कुणी त्यांना काम दिलं नसतं. म्हणून आबा स्टूल घेऊन झिलूच्या शेजारी बसले. इथे कापा म्हटलं की तो कापायचा, इथे भरा म्हटलं की भरायचा, आणि आबा गप्प बसले की तोही थांबायचा. अशाने दारं देखणी झाली. जावई निदान ब्रशाएवढा तरी उपयोगी आहे, असं आबांना वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी दारं चौकटीत बसली. मोरांच्या मानेचा निळा तेवढा ओला होता. देवस्थानचे अध्यक्ष अप्पा खोत लवकर आले आणि दाराशी खुर्ची टाकून झोपी गेले. तालुक्यात नाव असलेल्या त्यांच्या पांढऱ्या मिशा श्वासागणिक हलत होत्या. वाऱ्याने दारही हलत होतं. आबांना घरी जाऊन कपडे बदलायचे होते.

"अप्पांना रंग लागता कामा नये," ते झिलूला म्हणाले. "काय ते बघा."

झिलूने बघितलं. रंग लागायला नको, तिथे कागद. त्याने अप्पांना फेट्यापासून धोतरापर्यंत कागद लावला. गालांवर, मिशांवर नीट दाबून बसवला, बुडबुडा ठेवला नाही. नाकपुड्या कापून मोकळ्या केल्या. एवढी अक्कल त्याला होती.

आबा परतले तेव्हा मागून ढोल-ताशे आणि अख्खा गाव येत होता. खुर्चीतलं ते चकाकणारं बोचकं पाहून त्यांचे पाय पायरीवरच थांबले. "काढा तो कागद," ते कसेबसे म्हणाले. हळू काढा, असं त्यांना म्हणायचं होतं.

पण झिलूला आता काढायचं कसं ते पाठ होतं. त्याने टोक धरलं आणि एका झटक्यात ओढलं. कागद निघाला. कागदाबरोबर उजवी मिशीही निघाली. अप्पा डोळे उघडून इकडेतिकडे बघू लागले.

काहीतरी उडालं होतं आणि मालकाला अजून दिसलं नव्हतं. पांढरा रंग जवळ नव्हता. मोराच्या मानेचा निळा होता. झिलूने अप्पांची हनुवटी धरली आणि सफाईने मिशी भरून काढली. मग दोन पावलं मागे सरून त्याने निरखून पाहिलं. एक निळी, एक पांढरी. ते काही बरं दिसेना.

म्हणून त्याने दुसरीही निळी केली.