कोंडुळ्याची उघडी पुळण

कोंडुळ्याची पुळण पाऊण मैल लांब आहे, पण तिच्यावर कधी कापड वाळत घातलेलं दिसत नाही. शीड नाही, लुगडं नाही, लहान मुलाचं दुपटंसुद्धा नाही. बायका ओले पिळे डोक्यावर घेऊन एकशे बारा पायऱ्या चढतात आणि वर टेकडीच्या कातळावर ते पसरतात. एखाद्या पाहुण्याने वाळूवर चादर अंथरली, तर गावातले म्हातारे मोरेश्वर पराडकर काठी टेकत येतात, ती उचलायला लावतात, आणि मग उंडीच्या झाडाच्या सावलीत बसून कारण सांगतात.

तेव्हा होड्या शिडाच्या होत्या. नौदलाची एक विमानी तुकडी या बाजूला येत असे. लढणं हे तिचं काम नव्हतं. समुद्रात हरवलेल्यांना शोधणं, जहाजांवर टपाल टाकणं, आणि मुख्य म्हणजे तोफा चालवणाऱ्यांना नेम शिकवणं, ही तिची कामं. तिचं विमान पोटाळ आणि संथ होतं. लांबलचक तारेला बांधलेली तांबड्या कापडाची पिशवी ते मागे ओढत नेई, आणि दूर उभी असलेली जहाजं त्या पिशवीवर गोळे झाडत. सराव संपला की विमान पुळणीवरून अगदी खालून उडे आणि पिशवी टाकून जाई. मग साहेब लोक गाडीतून येऊन तिची भोकं मोजत. पिशवीच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचा लोखंडी दांडा असे.

ती कुठे टाकायची, हे दाखवण्यासाठी वाळूवर एक पांढरं कापड पसरावं लागे. ते काम धाकू कुबलकडे होतं. उत्तरेच्या निर्जन टोकाला कापड पसरायचं, टेकडीवर चढायचं, आणि खाली माणूस नाही असं पाहून बावटा वर करायचा. बावटा दिसल्याशिवाय विमान काही टाकत नसे. पडलेली पिशवी, गावाच्या भाषेत विमानाची शेपूट, धाकूच उचलून ठेवी.

धाकू मूळचा खलाशी. भिवा तांडेलाची होडी ओढताना त्याचा पाय तिच्याखाली सापडला आणि कायमचा अधू झाला. पुढे भिवाने नवी होडी बांधली, तेव्हा धाकू बायकोला, सुभद्रेला, घेऊन जागा मागायला गेला. सुभद्रा भिवाचीच जाळी सांधत असे. बारा खलाशी बसले होते.

"होडयेर दोन पायांची माणसां व्हयी, धाकू," भिवा म्हणाला. "काठी धरून तुझे झाले तीन."

सगळे हसले. एकाने विचारलं, "काय रे शेपटीवाल्या, इमानाची शेपूट उचलून हात भरले काय?"

सुभद्रा खाली मान घालून उभी राहिली. धाकूला ते हसणं सोसलं असतं. तिची ती मान सोसली नाही, असं सांगतात.

पुढच्या सरावाच्या दिवशी, भर दुपारी, खलाशी उंडीखाली जेवत होते. भिवाची नवी होडी वाळूवर एकटीच होती. धाकूने कापड उत्तरेला नेलंच नाही. होडीच्या पलीकडल्या अंगाला, जेवणाऱ्यांना दिसणार नाही असं पसरलं. माणूस मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. होडी फुटावी, एवढंच. तो टेकडीवर चढला, होडीपाशी कोणी नाही हे त्याने नीट पाहिलं, आणि बावटा वर केला.

विमान वळलं. तेवढ्यात सुभद्रा सांधलेलं जाळं होडीत ठेवायला आली.

तिला कापड दिसलं. नवरा विसरला, असं तिला वाटलं. साहेबाने पाहिलं तर आहे तेही काम जाईल म्हणून तिने जाळं टाकलं आणि घाईघाईने कापड गोळा करायला घेतलं.

धाकूने बावटा खाली ओढला. पण वैमानिकाची नजर एव्हाना खालच्या पांढऱ्यावर होती. धाकू ओरडू लागला, काठी फेकून उड्या मारू लागला. विमानाच्या घरघरीत आवाज कुणाला ऐकू येणार? उंडीखालच्यांना फक्त उड्या दिसल्या.

"बघा रे, शेपटीवालो नाचता!" भिवा म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

सुभद्रेने वर पाहिलं. घडी केलेलं कापड तिने दोन्ही हातांनी उंच धरून नवऱ्याला दाखवलं. हसत होती, म्हणे.

दांडा तिच्यावर पडला. होडीला ओरखडाही आला नाही.

गाडीतून साहेब आले. कापड इथे कुणी पसरलं, असं त्यांनी विचारलं. गावावर चौकशी नको म्हणून भिवाच पुढे झाला. "तिनाच, साहेब. डोक्यान अर्धी होती ती."

साहेबाने धाकूकडे पाहिलं. "खरं आहे?"

धाकू म्हणाला, "होय, साहेब."

त्या उत्तराबद्दल भिवाने त्याला नव्या होडीत जागा दिली. आणि धाकू तिच्यात बसला. अकरा वर्षं बसला.

बाराव्या वर्षी देवळासमोर गाव जमला असताना त्याने आपणहून सगळं सांगितलं. वाटलं असेल, लोक मारतील आणि सुटका होईल. गावाने मारलं नाही. शिक्षा ठरवली. पुळणीवर कुणाचंही कापड असेल, ते धाकूने उचलायचं आणि टेकडीवर नेऊन वाळत घालायचं. एकट्याने.

मग गावाला गंमत सुचली. शिडं मुद्दाम पाण्यात बुडवून वाळूवर टाकू लागले. एक शीड वर गेलं की दुसरं. पोरंटोरं पायऱ्या मोजत, मोठी माणसं उंडीखालून विचारत, "तीन पाय आसत मा? मग दमलंस कसो?" कुणी अडवलं नाही. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. नऊ वर्षांनी एका दुपारी एकशे चौथ्या पायरीवर तो ओल्या शिडाखाली पडला, तो उठलाच नाही. शीड भिवाचं होतं.

त्या दिवशी पुळणीवर आणखी सात शिडं पडून होती. दिवेलागणीपर्यंत त्यांना कोणी हात लावला नाही. मग म्हातारा भिवा उठला, एक शीड खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या चढू लागला. त्याच्यामागे बायका निघाल्या.

त्या तुकडीची विमानं भंगारात गेली. आता नेमासाठी जहाजावरूनच काहीतरी बिनमाणसाचं उडवतात. कोंडुळ्यावर कोणी येत नाही.

आजही पुळणीवर विसरलेलं कापड दिसलं की इथल्या बायका हातातलं काम टाकून धावतात. पाहुण्यांना वाटतं, या भुताला भितात. तसं नाही. पराडकर हलकेच म्हणतात तेच त्या म्हणत असतात, "उचला गे, बेगीन उचला. त्याका परत चढूक लावू नकात."